घरामागच्या फीडरवर हमिंगबर्डचे फोटो: पाक बनवण्यापासून फ्लॅशपर्यंत सगळं

हमिंगबर्डचे फोटो काढायचेत म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात कॅमेरा कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ, आणि मी दरवेळी उलट विचारते की फीडर, म्हणजे पक्ष्यांना साखरेचा पाक पाजायचं भांडं, कुठे टांगलाय ते आधी सांगा. हा पक्षी जेमतेम १० सेंटीमीटर लांब, वजन ४-५ ग्रॅम, बागेत त्याच्या मागे कॅमेरा घेऊन पळायचं ठरवलं तर दिवस जाईल आणि हाती फक्त हिरवा धुरळा येईल. पण फीडर लागलेला असेल तर हाच पक्षी दर थोड्या वेळाने स्वतःहून येतो, ठरलेल्या जागी येतो, आणि एकदा सवय झाली की साधारण ठरलेल्या बाजूनेच येतो. म्हणजे आपलं काम काय, तर त्याची यायची जागा, मागचं दृश्य आणि उजेड हे तिन्ही आधी जुळवून ठेवायचं. ते झालं की कॅमेऱ्याचं काम पुष्कळ सोपं होतं, अगदी ७०-३०० ची साधी किट लेन्स असली तरी.

मी लिहितेय ते कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागाच्या हिशोबाने. इथे अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो, नराचं डोकं आणि गळा दोन्ही गुलाबी चमकतं. समुद्राच्या बाजूला राहत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत अ‍ॅलन्स हमिंगबर्ड येतात, नारिंगी-तपकिरी, भयंकर भांडकुदळ. वसंतात उत्तरेकडे जाणारे रूफसही अधूनमधून दिसतात. न्यू जर्सी, व्हर्जिनिया वगैरे पूर्वेकडे जे आहेत त्यांच्याकडे मुख्यतः रूबी-थ्रोटेड, तो साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत बहुतेक निघून जातो, त्यामुळे तुमच्या हातात मोजके महिने आहेत, तयारी एप्रिलच्या आधी करा. पद्धत सगळीकडे हीच.

आधी पाक

एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. बास. पाव कप साखर, एक कप पाणी, गरम पाण्यात साखर विरघळली की गॅस बंद, पूर्ण गार झालं की फीडरमध्ये. एकतारी पाक वगैरे करायचा नाही, पाणी आटवलं तर प्रमाण बिघडतं. आणि आपल्या लोकांना हमखास सुचतं ते म्हणजे पांढरी साखर वाईट, मग गूळ घालूया, मध घालूया, निदान ऑरगॅनिक साखर तरी. यातलं काहीही नको. गूळ, ब्राउन शुगर आणि त्या फिकट तपकिरी ऑरगॅनिक साखरेत मळीचा अंश राहतो, त्यातलं लोह या पक्ष्यांना झेपत नाही, आणि मधाच्या पाण्यात बुरशी फार लवकर धरते. कॉस्टको दुकानातली मोठी पिशवी असते ना, तीच साधी साखर सगळ्यात चांगली. लाल रंगही घालायचा नाही, बाजारात ती लाल बाटली मिळते तीसुद्धा नको, फीडरचा स्वतःचा लाल रंग पक्ष्याला बोलवायला पुरतो.

उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाक बदलायचा, थंडीत चार-पाच दिवस चालतो. पाणी ढगाळ दिसलं की वाट बघायची नाही, ओतून टाकायचं. धुताना गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश, चिकटपणा असेल तर थोडं व्हिनेगर, आणि त्या छोट्या भोकांमध्ये काळं साचतं ते बारीक ब्रशने काढायचं. फीडर पूर्ण भरायची गरज नसते, अर्धा भरा, वाया कमी जातं. उरलेला पाक फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतो, फक्त घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी लिंबू पिळून सरबत करून पिऊन टाकेल.

फीडर कसला आणि कुठे

फोटोसाठी बशीसारखा चपटा फीडर घ्या, उलट्या बाटलीचा नको. बशीचा गळत नाही, धुवायला सोपा, आणि मुख्य म्हणजे उंचीला कमी असल्यामुळे फ्रेममधून कापून टाकता येतो. बऱ्याच फीडरना बसायला कडं असतं, ते निघत असेल तर काढून ठेवा. कडं असलं की पक्षी आरामात बसून पितो, अर्धं अंग फीडरमागे जातं आणि पंख मिटलेले. कडं नसेल तर त्याला हवेत तरंगतच प्यावं लागतं, आणि आपल्याला तेच तर हवंय. फोटोचं काम झालं की कडं परत लावा, बसून प्यायला मिळालं तर त्याचीही शक्ती वाचते.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती. फीडरला चार-पाच भोकं असतात, त्यातली एक सोडून बाकी सगळी चिकटपट्टीने बंद करायची. उघडं भोक कॅमेऱ्याकडे तोंड करून नाही ठेवायचं, कॅमेऱ्याच्या काटकोनात ठेवायचं, म्हणजे पक्षी प्यायला आला की त्याची कूस तुमच्याकडे येते, चोच ते शेपूट पूर्ण दिसतं. फीडर वाऱ्याने गोल फिरत असेल तर सगळा डाव फिसकटतो, म्हणून टांगण्यापेक्षा खांबावर घट्ट बसवलेला बरा, किंवा टांगलेल्याला खालून एक दोरा बांधून ताणून ठेवा.

खिडकीजवळ लावत असाल तर काचेपासून तीन फुटांच्या आत लावा, नाहीतर सरळ ३० फूट लांब. मधल्या अंतरावरून पक्षी पूर्ण वेगात काचेवर येऊन आपटतो. मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी असलेला हूक मिळतो तो लावा. आणि उन्हाळ्याच्या शेवटी फीडरवर मोठा हिरवा मँटिस बसलेला दिसला, म्हणजे आपला खंडोबाचा किडा, तर त्याला उचलून लांबच्या झुडपावर सोडून या. खोटं वाटेल पण तो हमिंगबर्ड पकडून खातो.

नवीन फीडर असेल तर लगेच कॅमेरा घेऊन बसू नका. आधी पक्ष्याला जागा लागू दे, त्याच्या फेऱ्या सुरू होऊ देत, मग एखादा दिवस तुमची खुर्ची आणि रिकामा ट्रायपॉड तिथे नुसता ठेवून द्या. हिरवे-तपकिरी शिकाऱ्याचे कपडे वगैरे घालायची काही गरज नाही, हात हळू हलवा एवढं पुरे.

मागे काय दिसतंय

याकडे फारच कमी लोक बघतात. व्ह्यूफाइंडरमधून फीडरच्या मागे बघा, कुंपणाची फळी, बार्बेक्यू, शेजाऱ्याची ट्रॅम्पोलिन, कचऱ्याचा निळा डबा, काहीतरी असतंच. पक्षी येईल तेव्हा तुम्हाला हे काही दिसणार नाही पण फोटोत सगळं दिसेल. फीडर आणि मागचं झुडूप यात १५-२० फूट अंतर ठेवता आलं तर उत्तम, हिरवळ पूर्ण विरघळून जाते. अंगण छोटं असेल, टाउनहाउसवाल्यांना हाच प्रॉब्लेम, तर कुंपणावर गडद हिरवा कापड अडकवा किंवा झाडांचा मुद्दाम आउट ऑफ फोकस काढलेला फोटो मोठा प्रिंट करून मागे उभा करा. फसवणूक वाटत असेल तर करू नका, मला तरी निळ्या डब्यापेक्षा ते परवडतं. आकाश मात्र मागे घेऊ नका, पक्षी काळा पडतो.

गळा कधी पेटतो

नराचा तो गुलाबी गळा बऱ्याच फोटोंत काळा का येतो? कारण तो रंग रंगद्रव्याचा नाहीच, पिसांच्या आतल्या अतिबारीक थरांवरून उजेड परत फिरतो तेव्हा तो दिसतो, आणि तो ठराविक कोनातच फिरतो. म्हणजे सूर्य तुमच्या पाठीमागे हवा आणि पक्ष्याचं तोंड साधारण तुमच्याकडे हवं, तरच तो पेटतो. पक्षी पूर्ण आडवा असेल तर बहुतेक वेळा गळा काळपटच येणार. त्यामुळे वर सांगितलेलं काटकोनाचं भोक हे अंगाच्या फोटोसाठी, आणि गळा हवा असेल तर भोक थोडं असं फिरवा की तो साधारण ४५ अंशात तुमच्याकडे वळलेला राहील.

सकाळी उजाडल्यावरचा पहिला दीड-दोन तास आणि संध्याकाळी सूर्य कलताना, या दोन वेळा सोन्याच्या. सूर्य खाली असल्यामुळे उजेड तिरपा येतो आणि पक्षीही तेव्हाच जास्त येतात, रात्रभराची भूक असते आणि संध्याकाळी रात्रीची बेगमी. दुपारचं डोक्यावरचं ऊन बेकार, पाठ पांढरी आणि पोट काळं. ढगाळ दिवस मादीच्या फोटोंना फार छान, तिच्या पाठीचा हिरवा रंग मऊ दिसतो आणि सावल्या पडत नाहीत.

लेन्स आणि सेटिंग

३०० ते ४०० मिलिमीटर पुरे. मोठी लेन्स घ्यायच्या आधी ती किती जवळचं फोकस करते ते बघा, इथे तेच जास्त कामाचं. सोनीची २००-६०० आठ फुटांच्या आत फोकस करत नाही, सिग्माची १५०-६०० कंटेंपररी तर नऊ फुटांच्या आत नाही, उलट कॅननची जुनी १००-४०० मार्क टू सव्वातीन फुटांपर्यंत येते. तुमची लेन्स कमी पडत असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी लावा, स्वस्तात काम होतं. साधारण आठ फुटांवरून ४०० मिलिमीटरने फुलफ्रेम कॅमेऱ्यात पक्षी अर्धी फ्रेम भरतो, त्याहून मोठा नकोच, पंख कापले जातात.

या अंतरावर एफ/५.६ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तर छिद्र लहान आणि शार्प भाग जास्त) शार्प भाग किती मिळतो माहितीये? जेमतेम एक सेंटीमीटर. म्हणजे डोळा शार्प आणि जवळचा पंख गेला. म्हणून उजेड परवानगी देत असेल तोवर एफ/८ वर राहा.

शटर स्पीडवरून लोकांचे वाद चालतात. अ‍ॅनाज हमिंगबर्ड सेकंदाला साधारण ४०-५० वेळा पंख मारतो. ढोबळ हिशोब केला तर १/१००० सेकंदाला पंखाचं टोक एका फ्रेममध्ये सेंटीमीटरभर सरकतं, आणि १/४००० लासुद्धा तीन-चार मिलिमीटर. म्हणजे नुसत्या उन्हात पंख पूर्ण थांबवणं जवळजवळ अशक्य, पण एक पळवाट आहे. पंख पुढे जाऊन मागे वळतो त्या टोकाच्या क्षणी त्याचा वेग शून्याजवळ येतो, तेव्हाची फ्रेम मिळाली तर १/३२०० लाही एकेक पीस मोजता येतं. म्हणून बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढायचे आणि नंतर निवडायचं.

सुरुवातीला हे लावा: कडक उन्हात १/३२००, एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ १६०० पर्यंत जाईल. सावलीत एफ/५.६ ला आलात तरी आयएसओ ३२०० लागेल, आणि लागू दे, हल्लीचे नॉइज काढणारे सॉफ्टवेअर ते सहज सांभाळतात, हललेला डोळा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर धड दुरुस्त करत नाही. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, ऑटोमध्ये गळा चमकला की कॅमेरा गोंधळतो. आणि मुद्दाम १/१००० ला पण काढून बघा, डोकं स्थिर आणि पंखांचा धूसर पंखा, मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

मिररलेसवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर बऱ्याच कॅमेऱ्यांत पंख केळ्यासारखे वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली हळूहळू वाचला जातो आणि तेवढ्यात पंख सरकलेला असतो. स्टॅक्ड, म्हणजे फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा नसेल तर मेकॅनिकल शटरच वापरा, आवाजाला पक्षी दोन दिवसांत सरावतो.

नेमका क्षण

हमिंगबर्ड पितो कसा ते आधी कॅमेऱ्याशिवाय बघा. येतो, चोच घालतो, दोन-तीन सेकंद पितो, मग चोच काढून दीड-दोन इंच मागे सरकतो, तिथेच हवेत थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि परत चोच घालतो. हे मागे सरकून थांबणं, हाच तुमचा फोटो. फीडर फ्रेमबाहेर, पक्षी मोकळ्या हवेत, बहुतेक वेळा डोकं किंचित तुमच्याकडे, कधीकधी जीभसुद्धा बाहेर. त्यामुळे फ्रेम फीडरवर नाही धरायची, भोकाच्या बाजूला चार-पाच इंचांवरच्या रिकाम्या हवेवर धरायची.

फोकससाठी, कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर लावा, पण तो आधी फीडरला जाऊन चिकटतो, म्हणून पक्षी यायच्या आधीच त्या अंतरावर फोकस करून ठेवा. काठीच्या टोकाला रंगीत क्लिप लावून भोकासमोर धरली की अंतर बरोबर मिळतं. जुना डीएसएलआर असेल तर बॅक बटण फोकस (फोकस शटरच्या बटणाऐवजी मागच्या बटणाने करायचा), मधला एकच पॉइंट, अंतर आधी लॉक, आणि पक्षी त्या जागेत शिरला की बर्स्ट. लेन्सवर फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचं अंतर मर्यादित ठेवणारं बटण असेल तर जवळच्या रेंजवर टाका, नाहीतर फोकस मागच्या कुंपणापर्यंत फेरी मारून येतो. ट्रायपॉड वापरा पण त्याचं हेड सैल ठेवा. तुमच्या कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर असेल, म्हणजे बटण दाबायच्या आधीच्या काही फ्रेम साठवणारी सोय, तर इथे तिचं सोनं होतं.

डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबा. यायच्या आधी टिक-टिक-टिक असा आवाज येतो, मग पंखांची गुणगुण. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना पॅटिओवर चहा देऊन बसवा, ते तुमच्याआधी "आला आला" म्हणतात.

फुलावरचा फोटो

फीडरचे फोटो झाले की फुलाचा मोह होतोच. फीडरच्या उघड्या भोकासमोर, अगदी दोन इंचांवर, साल्व्हिया या फुलझाडाची एक ताजी दांडी क्लॅम्पने धरून ठेवा. काही फेऱ्या झाल्या की त्या फुलांत ड्रॉपरने पाकाचे एक-दोन थेंब सोडा आणि फीडर अर्ध्या तासापुरता बाजूला घ्या. पक्षी जुन्या जागी येतो, फीडर नाही, फूल आहे, मग फुलात चोच घालतो. अर्धा तास झाला की फीडर परत लावायचा, विसरायचं नाही. क्लॅम्पमधल्या फुलाऐवजी अंगणात वाढणारं हवं असेल तर हॉट लिप्स साल्व्हिया किंवा कॅलिफोर्निया फ्यूशिया लावा, पाणी कमी लागतं आणि हमिंगबर्ड जीव टाकतात. दुकानातून तोडलेली फुलं आणू नका, त्यांवर काय फवारलंय कोण जाणे.

फ्लॅश, ज्यांना पंख पूर्ण थांबवायचेत त्यांच्यासाठी

एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकातच स्ट्रोब वापरून हमिंगबर्डचे पंख थांबवले होते, तत्त्व अजून तेच आहे. इथे पंख थांबवतो तो शटर नाही, फ्लॅशचा लखलखाट थांबवतो. साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर लावायचा सुटा फ्लॅश) पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद पेटतो, पण ताकद १/३२ वर आणली की तो १/१५,००० किंवा त्याहून कमी वेळात विझतो. म्हणून ताकद कमी ठेवायची आणि फ्लॅश जवळ आणायचे, पक्ष्यापासून दोन फुटांवर.

तीन-चार स्वस्तातले मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर लागतात. दोन समोरून दोन्ही बाजूंनी, एक मागून वरून, आणि एक मागच्या पडद्यावर. पडद्यावरचा विसरलात तर मागे काळीकुट्ट रात्र येते, आणि हमिंगबर्ड रात्री उडत नाही हे बघणाऱ्याला कळतं. शटर १/२००, एफ/११ ते एफ/१६, आयएसओ २०० ते ४००, टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद. हाय स्पीड सिंक अजिबात लावू नका, त्यात फ्लॅश सलग लुकलुकत राहतो आणि सगळा फायदा जातो. हे सगळं गडद सावलीत करायचं, पॅटिओच्या छपराखाली वगैरे. तपासायची सोपी रीत, फ्लॅश बंद करून एक फोटो काढा, तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा नाही आला तर पंखांना भुताटकीसारखी दुसरी कड येणार.

बहुतेक पक्षी लखलखाटाकडे दुर्लक्ष करतात, पण एखादा दचकून येणंच बंद करत असेल तर त्या दिवशी आवरा. आणि पंख इतके थांबले की कधीकधी पक्षी पेंढा भरलेला दिसतो हेही खरं, म्हणून मागच्या फ्लॅशची धार आणि शेपटीचा पसारा बघून फ्रेम निवडा. घरट्यावर फ्लॅश कधीच नाही. अ‍ॅनाज डिसेंबरपासूनच घरटी करायला लागतो, अक्रोडाएवढं घरटं असतं, आणि १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टखाली ते मोडणं किंवा उचलून नेणं गुन्हा आहे. फांद्या कापून मोकळा व्ह्यू करू नका, ती पानंच पिलांना कावळ्यांपासून लपवतात.

निवड आणि शेवटचा हात

एका सकाळी शेकडो फ्रेम होतात. आधी फक्त डोळा बघा, शार्प नसेल तर उडवा, पंख कितीही सुंदर असोत. मग डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे का, नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो. मग पंखांची ठेवण. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनला हात लावायची घाई नको, चमकणाऱ्या गळ्यात लाल चॅनल आधीच काठोकाठ असतो, अजून ओढलंत की पिसांचे तपशील जाऊन गुलाबी डाग उरतो. त्यासाठी काढतानाच पाऊण स्टॉप कमी ठेवलेलं बरं.

आणि भारतातून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर "आमच्या नाशिकच्या बागेतला हमिंगबर्ड" पाठवला तर तो शिंजीर असतो किंवा फुलासमोर तरंगणारा पतंग. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. पण शिंजीर काही कमी नाही, त्याचाही गळा असाच कोनावर पेटतो, फक्त तो बहुतेक वेळा फांदीला धरून मध पितो, त्यामुळे १/१००० सुद्धा पुरतं. त्याच्यासाठी साखरेचा फीडर टांगत बसू नका, जास्वंदीच्या एका फांदीवर फोकस लावून बसा, आधी सांगितलेलं, सूर्य पाठीमागे आणि मागचं दृश्य मोकळं, एवढं जसंच्या तसं चालतं.

थंडी आली की फीडर काढायचा का, हे दर वर्षी विचारलं जातं. पूर्वेकडे फीडर ठेवल्यामुळे पक्षी जायचे थांबत नाहीत, ते दिवस लहान होण्यावर निघतात, शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे तरी राहू द्या, मागून येणाऱ्या वाटसरूंना उपयोग होतो. बे एरियात वर्षभर ठेवा, फक्त गारठ्याच्या दिवसांत रात्री फीडर घरात घेतलात तर उजाडायच्या आधी परत टांगा, कारण हा पक्षी रात्री अंग गार करून सुस्त पडलेला असतो आणि जाग आल्याआल्या त्याला खायला लागतं.